सासऱ्यांच्या छातीत गाठ आहे, मॅमोग्राम सांगितलाय, ते तयारच नाहीत. कसं समजवायचं?

ओगलेवाडीची_सून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतीये, लिहितीये पहिल्यांदाच. मोठं होणारे, सांभाळून घ्या.

माझे सासरे, आम्ही आबा म्हणतो, वय ६४. एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. बीपीची आणि रक्त पातळ व्हायची गोळी सोडली तर माणूस खणखणीत, अजून सकाळी रानात चालत जातात. दिवाळीच्या आधी सासूबाईंना कपडे धुताना त्यांच्या बनियनवर डाव्या बाजूला रक्ताचा बारीक ठिपका दिसला. विचारलं तर म्हणाले ढेकूण चावला असंल. दोन दिवसांनी परत तसाच ठिपका, त्याच जागी. मग तिसऱ्यांदा. तेव्हा सासूबाईंनी ते बनियन धुवायचंच बंद केलं, तिन्ही पिशवीत घालून कपाटात ठेवले आणि आम्ही पुण्याहून गेलो तेव्हा गुपचूप माझ्या हातात दिले. पोराच्या नाही, माझ्या. म्हणाल्या तूच बघ काय ते, मला बोलू देत न्हाईत.

मग हळूहळू बाहेर आलं की निपलच्या मागं गाठ आहे, सुपारीएवढी, कडक, अजिबात दुखत नाही, आणि त्यांना ती गणपतीपासून माहितीये!! निपल पण आत ओढल्यासारखं झालंय. कसंबसं सर्जनकडे नेलं. त्यांनी हात लावून बघितलं, काखेत बघितलं आणि मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी आणि त्यानंतर बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) लिहून दिली. आबा बाहेर येऊन म्हणाले, "मॅमोग्राम बायकांचा असतोय. म्या काय बाईमाणूस हाय व्हय?"

तरी नेलं. आणि तिथंच घोळ झाला. सेंटरमध्ये दारावर पाटी, फक्त महिलांसाठी. आत सगळ्या बायका. काउंटरवरच्या मुलीनं कागद बघितला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, मॅडम तुम्ही आत जाऊन कपडे बदला. मी म्हटलं मी नाही, हे पेशंट आहेत. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आबा उठले, चपला घातल्या आणि सरळ गाडीत जाऊन बसले. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. तीस वर्षं गच्च भरलेल्या गाडीत तिकिटं फाडलेला माणूस, कुणाला घाबरला नाही, आणि तिथं मान खाली घालून बाहेर गेला ते डोळ्यासमोरून जात नाही माझ्या.

त्याला आता आठ दिवस झाले. गावात सांगतात छातीत कफ झालाय. नवरा म्हणतो त्यांना थोडा वेळ देऊया आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर वाचत बसतो. नणंद ठाण्याला असते, तिला सांगायचं नाही अशी आबांची ताकीद. चुलत सासऱ्यांनी वेगळंच डोक्यात भरवलंय की सुई लावली की कॅन्सर पसरतो, हात लावू नका.

तर पुरुषांना खरंच होतो का हा कॅन्सर, आणि असा माणूस परत टेस्टला कसा न्यायचा, आणि त्यांच्यासमोर कॅन्सर हा शब्द काढायचा का नाही, आणि नवऱ्याला कसं बोलतं करायचं, सगळं एकदम विचारतीये, माफ करा, घरात दुसरं कुणी विचारायला नाहीये.

---

फिल्मवाली

ओगलेवाडी, आधी एक खोल श्वास घे. मी १४ वर्षं मॅमोग्राफी टेक्निशियन आहे. जे झालं ते आमच्या लोकांचं चुकलं, आबांचं नाही. आमच्याकडे फॉर्मवर सुद्धा शेवटची पाळी कधी आली हा रकाना असतो, एका काकांनी त्यात "लागू नाही, देवाची कृपा" असं लिहिलं होतं, अजून आठवतं :)

हो, पुरुषांना होतो. ब्रेस्ट कॅन्सरच्या शंभर पेशंटमध्ये एखादाच पुरुष असतो, कधी तेवढाही नाही, पण असतो. पुरुषाच्या छातीत पण तो टिश्यू असतोच, थोडा असतो इतकंच. आमच्याकडे येणारे बहुतेक पुरुष गायनेकोमास्टियाचे निघतात, म्हणजे साधी वाढ. ती काही औषधांनी होते, लिव्हरच्या दुखण्यात होते, वयानं पण होते. ती सहसा रबरासारखी लागते, दाबलं की दुखते, बऱ्याचदा दोन्हीकडे असते. आबांची लक्षणं तू लिहिलीस ती तशी नाहीत. कडक, न दुखणारी, एकाच बाजूला, निपल आत आणि वर रक्त. म्हणून मी तुला "काही नसेल गं" म्हणणार नाही. कॅन्सर आहेच असंही म्हणत नाही, ते बायोप्सीशिवाय कुणीच म्हणू शकत नाही. पण आता थांबायचं नाही.

न्यायचं कसं ते सांगते. आदल्या दिवशी सेंटरला फोन कर, पेशंट पुरुष आहे हे स्पष्ट सांग आणि सकाळचा पहिला नंबर माग, बायका यायच्या आधीचा. नाहीतर दुपारी सगळ्यात शेवटचा. बाहेर गाडीतच बसू दे आणि आम्ही फोन केला की थेट आत, असं विचार, बहुतेक ठिकाणी ऐकतात. चांगलं सेंटर असेल तर टेक्निशियनचं नाव विचारून ठेव. बटणांचा शर्ट घालायचा. काखेत पावडर, डिओ काही नको त्या दिवशी, फिल्मवर पांढरे ठिपके दिसतात आणि उगाच घोळ होतो. मशीनमध्ये छाती दाबतात, पुरुषांना जरा चिमटा जास्त बसतो कारण पकडायला कमी असतं, पण एकेक फोटो काही सेकंदांचा. सगळं मिळून चहा प्यायला लागतो तेवढा वेळ.

रिपोर्टवर बायरॅड्स असं लिहून पुढं एक आकडा असतो. ४ किंवा ५ असला की बायोप्सी करायचीच एवढाच त्याचा अर्थ. ती कॅन्सरची स्टेज नव्हे! लोक ४ बघून चौथी स्टेज समजतात आणि आमच्या कॉरिडॉरमध्येच रडायला लागतात. नवऱ्याला हे आधीच सांगून ठेव, तो रात्री दोनला तेच शोधणार आहे.

आणि रक्त पातळ व्हायच्या गोळीचं बायोप्सीवाल्या डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनानं बंद करू नका, ते सांगतील तसं.

---

गावठी_औषधवाला

बायोप्सी अजिबात करू नका. गुळवेल, हळद आणि देशी गाईचं गोमूत्र ४० दिवस. आमच्या पाहुण्यांची गाठ विरघळली. पत्ता पाहिजे तर मेसेज करा.

---

कल्याण_स्लो

वरच्या साहेबांनी पाहुण्यांची गाठ कसली होती ते सांगितलं असतं तर बरं झालं असतं. चरबीची गाठ, गळू, सगळ्यालाच लोक गाठ म्हणतात. ताई, ४० दिवस असले घालवू नका, प्लीज. सुईनं पसरतो हे माझ्या वडिलांच्या वेळी आम्हाला पण चार जणांनी सांगितलं होतं. डॉक्टरांना थेट विचारलं, ते म्हणाले असं होत असतं तर जगभर हीच पद्धत का असती. कोअर बायोप्सीत जागा बधिर करून जाड सुईनं बारीक तुकडे घेतात, स्टेपलरसारखा टक्क आवाज येतो, त्या आवाजालाच दचकायला होतं, ते आधी सांगून ठेवा. नुसती बारीक सुई लावून पेशी काढतात त्यापेक्षा ही बरी, कारण कॅन्सर निघालाच तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर, हर टू या टेस्ट होतात आणि औषध कुठलं ते त्यावरच ठरतं.

माझ्या वडिलांना ब्रेस्टचा नव्हता, प्रोस्टेटचा होता, त्यामुळे तो भाग मी बोलत नाही. पण लपवायचं का सांगायचं यावर बोलायचा मला हक्क आहे कारण आम्ही लपवलं. आई, मी, काका, सगळ्यांनी मिळून. फाईल कपाटाच्या वर, फोनवर बोलायचं तर गच्चीत. तीन महिने. आणि मग एक दिवस बाबा म्हणाले, "तुम्ही सगळे गच्चीत जाताय म्हणजे मी मरतोय का?" त्यांना पहिल्या आठवड्यापासून कळलेलं होतं, आम्ही बोलत नाही म्हणून तेही बोलत नव्हते, तीन महिने तो माणूस एकटाच घाबरत होता आमच्या घरात बसून. अजून राग येतो स्वतःचा.

तुमच्या आबांना गणपतीपासून माहितीये म्हणता. मग कॅन्सर हा शब्द त्यांच्या मनात येऊन गेलेला आहे, तुम्ही नवीन काही सांगत नाही आहात. फक्त भाषण देऊ नका. "आबा तुम्ही फायटर आहात" वगैरे तर नकोच नको, एसटीच्या माणसाला चीड येईल.

अजून एक. आबांच्या आई, बहिणी, कुणाला छातीचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर होता का? हे विचारून ठेवा, डॉक्टर विचारणारच.

---

निफाडकर_सर

ताई, मी शाळामास्तर, आता रिटायर. २०१७ साली वयाच्या ५८ व्या वर्षी मला डाव्या बाजूचा ब्रेस्ट कॅन्सर निघाला. तेव्हा मला वाटायचं जगात मी एकटाच. म्हणून सगळं लिहितो, आबांना वाचून दाखवा, मला लाज वाटत नाही, आता नाही वाटत.

मी आठ महिने काढले. बेंबीत तेल घाल, गाठीवर लेप लाव, असले उद्योग. शाळेत शर्टाच्या खिशात जाड डायरी ठेवायचो त्या बाजूला, म्हणजे कुणाचा धक्का लागला तर कळू नये. बायकोला कळलं ते अंघोळीच्या वेळी पाठ घासताना. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी नाशिकची दोन तिकिटं काढून आली आणि म्हणाली चला, मला गुडघा दाखवायचाय. दवाखान्यात पोचल्यावर माझा नंबर लावलेला. तेव्हा भयंकर चिडलो होतो. आता विचार करतो की त्या बाईनं मला लाजेतून वाट काढून दिली, म्हणजे मला "हो" म्हणावंच लागलं नाही, नुसतं सोबत जायचं होतं. फसवा असं म्हणत नाही. पण प्रत्येक वेळी आबांकडून होकार वदवून घ्यायच्या मागं लागू नका. "आबा, उद्या सातला निघायचंय, पहिला नंबर आहे, तिथं कुणी नसणार" एवढं सांगा आणि चहा ठेवा.

ऑपरेशन म्हणजे पुरुषात बहुतेक करून तो सगळाच भाग काढतात, निपलसकट. काखेतल्या गाठी तपासतात. माझ्या काखेतल्या तीन गाठींत होता म्हणून बऱ्याच काढाव्या लागल्या आणि नंतर केमो, मग शेक (रेडिएशन) दिले. सगळ्यांना केमो लागते असं नाही, ते रिपोर्टवर असतं. पुरुषांचे हे कॅन्सर बहुतेक ईआर पॉझिटिव्ह असतात, म्हणजे हार्मोनवर वाढणारे, त्यावर टॅमॉक्सिफेन नावाची गोळी चालते, रोज एक. मी पाच वर्षं घेतली, २०२३ ला बंद झाली. त्या गोळीनं अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं, रात्री पंखा पाचवर, थंडीत सुद्धा. बायको म्हणाली आता कळलं का आम्हाला काय होतं ते. हसण्यावारी नेलं पण चिडचिड पण व्हायची, उगाच डोळ्यात पाणी यायचं, आणि नवराबायकोतल्या गोष्टींवर पण परिणाम होतो, डॉक्टर ते पुरुषाला सहसा आपण होऊन सांगत नाहीत, विचारावं लागतं. पायाच्या पोटरीला सूज किंवा दुखणं आलं तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं, त्या गोळीनं रक्ताची गुठळी होऊ शकते.

ड्रेनची पिशवी हा आणखी एक ताप. ऑपरेशननंतर नळी असते आणि तिला पिशवी, मी बारा दिवस वागवली. शर्टात लोंबते, लाज वाटते. आईच्या माहेरचे एक मामा शेतकरी, त्यांनी त्यांची कोपरी आणून दिली. कोपरीला आतून खिसा असतो ना पैशाचा, त्यात पिशवी बरोबर बसते! वरून सदरा घातला की कुणाला पत्ता नाही. कंपनीनं पण इतकं चांगलं बनवलं नसतं.

सगळ्यात त्रास कशाचा झाला सांगू? गुलाबी रंगाचा. फाईल गुलाबी, पुस्तिका गुलाबी, त्यावर साडीतल्या बाईचं चित्र, आत लिहिलेलं "भगिनींनो". मी त्या फाईलला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, वह्यांना घालतो तसं.

---

फिल्मवाली

सर, कोपरीचं मी उद्या आमच्या सिस्टरना सांगणार आहे. सिरियसली.

---

ओगलेवाडीची_सून

सगळ्यांना काय म्हणू. काल रात्री निफाडकर सरांची पोस्ट मी आबांना वाचून दाखवली नाही, धाडस झालं नाही. मोबाईल उघडा ठेवला खाटेवर आणि भाकरी करायला गेले. परत आले तर मोबाईल बंद आणि आबा अंगणात. काहीच बोलले नाहीत. मग जेवताना एकदम म्हणाले, "माझी थोरली बहीण सुशी छातीच्या गाठीनं गेली. चाळिशीत. तवा कॅन्सर म्हनत नव्हते, करणी म्हनत होते." सासूबाई बघतच राहिल्या, त्यांना ती बाळंतपणात गेली असं सांगितलेलं, लग्नाला चाळीस वर्षं झाली त्यांच्या!

कल्याण, तुम्ही विचारलं नसतं तर माझ्या डोक्यातच आलं नसतं पण मला वाटतं त्यांनी तुमची पण पोस्ट वाचली. आता हे डॉक्टरांना सांगायचंच ना? आणि मग याचा नवऱ्याशी आणि नणंदेशी काही संबंध येतो का? माझी मुलगी नऊ वर्षांची आहे.

---

कल्याण_स्लो

नक्की सांगा. बीआरसीए टू नावाचा एक जीन आहे, त्यात बिघाड असला तर बायकांना ब्रेस्ट आणि बीजकोशाचा आणि पुरुषांना ब्रेस्ट आणि प्रोस्टेटचा धोका वाढतो. वडिलांच्या बाजूनं पण येतो, हे लोकांना माहीतच नसतं. आई किंवा वडिलांकडे असेल तर प्रत्येक मुलामुलीत यायची शक्यता अर्धी. अमेरिकेत गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी २०१९ मध्ये टीव्हीवर सांगितलं की त्यांना ब्रेस्ट कॅन्सर झालाय, आणि त्यांच्यात हाच जीन निघाला. आणि सुरुवात कशावरून झाली माहितीये, त्यांच्या शर्टावर रक्ताचा ठिपका दिसायचा. तुमच्या सासूबाईंचे तीन बनियन वाचून मला तेच आठवलं.

पण घाई नको. आधी बायोप्सी, कॅन्सर निघाला तर जीनची टेस्ट पहिल्यांदा आबांची करतात, त्यांच्यात सापडलं तरच पुढं नवरा आणि नणंद. नऊ वर्षांच्या मुलीचं आत्ता काहीच करायचं नसतं. नणंदेला मात्र सांगावं लागेल, आबांची ताकीद आबांनीच उठवली तर उत्तम.

पैशाचं पण बघून ठेवा आत्ताच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, रेशन कार्ड आणि आधार तयार ठेवा, दोन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा, आम्ही त्यात चार दिवस घालवले. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, पहिलं त्याला गाठा. तुम्हाला मिरज जवळ आहे. टाटाला परळला यायचं ठरलंच तर राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होते, पण गर्दी खूप, आधी चौकशी करून निघा.

---

निफाडकर_सर

नवऱ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझा मुलगा पण असाच होता, सगळं वाचायचा, बोलायचा काही नाही. त्याला काम द्या. फाईल त्याच्याकडे, तारखा त्याच्याकडे, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची वही त्याच्याकडे. माझ्या मुलानं ड्रेनमध्ये रोज किती एमएल आलं ते एक्सेलमध्ये मांडलं, ग्राफ काढला. डॉक्टर हसले. पण ग्राफ खाली येताना बघून मला पण बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. त्या निमित्तानं रोज रात्री दहा मिनिटं तो माझ्याजवळ बसायचा.

---

ओगलेवाडीची_सून

अपडेट. सोमवारी सकाळी साडेसातला गेलो, पहिला नंबर. फिल्मवाली ताई, तुम्ही सांगितलं तसंच फोन करून ठेवला होता, दुसरं सेंटर शोधलं. तिथल्या मॅडमनी आबांना "या काका, गाडी कुठं लावली" असं विचारलं आणि गप्पा मारत मारत आत नेलं. दहा मिनिटांत बाहेर. बायरॅड्स ५ आलाय. नवऱ्याला आधी सांगितलं होतं तरी त्याचा चेहरा पांढरा पडला, पण वहीत लिहून घेतलं त्यानं. बुधवारी बायोप्सी झाली, गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढे दिवस थांबवली होती. टक्क आवाजाला आबा म्हणाले, तिकीट पंच केल्यावानी वाजतंय. रिपोर्टला आठवडा लागेल म्हणालेत, आणि गरज पडली तर पुढच्या टेस्टला अजून काही दिवस.

नणंदेला आबांनी स्वतः फोन लावला. सुशीआत्याचं पण सांगितलं. दोघंही रडले, मी बाहेर गेले होते पण ऐकू येत होतं.

आता वाट बघतोय. घरात कुणी धीर देत नाहीये कुणाला, त्यापेक्षा भुईमूग काढायचा आहे त्यावरून भांडणं चालू आहेत, ते बरं वाटतंय.

निफाडकर सर, आबांचा एक प्रश्न आहे तुम्हाला, मला शब्दशः लिही म्हणालेत. "रिपोर्ट येईल तवा येईल. पण ती नळी आन पिशवी घेऊन एसटीत बसता येतं का? गाडी करून जायाचं म्हंजे तीन हजार घालवायचं."

---

निफाडकर_सर

बसता येतं, आबा. मी दोनदा ड्रेसिंगला नाशिकला एसटीनंच गेलो. डावी बाजू असली तर डावीकडची खिडकी धरायची, म्हणजे उभ्या माणसांचा धक्का त्या बाजूला लागत नाही. मागच्या चाकावरची सीट नको, फार आदळते. पण हे मी कंडक्टरला काय सांगायचं.